आक्काचं पासबुक आणि मे-जूनचे कोरे महिने

मी बेळगावचा, शहापुरात वाढलेला. बी.कॉम. करून १९७२ साली बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि २०१० साली अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मानसशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. तो माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा. गेल्या पावसाळ्यात आक्का गेली. टिळकवाडीतल्या तिच्या घरातलं लोखंडी कपाट आवरताना दोऱ्यानं बांधलेली तीन जुनी पासबुकं मिळाली. बँकवाल्याच्या हातात पासबुक आलं की तो वाचल्याशिवाय ठेवत नाही. मीही खाली बसून वाचायला लागलो.

जुलै १९७० पासून दरमहा पगार जमा. पुढच्या वर्षी एप्रिलपर्यंत ठीक. मे-जूनचा पगार नाही. जुलैपासून पुन्हा सुरू. मग पुन्हा मे-जून कोरे. असं १९८१ पर्यंत. अकरा उन्हाळे, म्हणजे बावीस महिने. त्या काळात आक्का एका विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात 'तात्पुरती लेक्चरर' होती. परीक्षा संपली की नेमणूक संपायची, नवं वर्ष उघडलं की नवी ऑर्डर. सेवा अखंड धरली जात नसल्यामुळे वार्षिक वाढ नाही, फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. पण एका खाली एक आकडे दिसले तेव्हा पोटात कालवलं.

आपल्याकडे मानसशास्त्राचे विभाग कसे उभे राहिले, तिथे माणसं कुठून आली, ही गोष्ट आक्का फार रंगवून सांगायची. तिच्याकडून ऐकलेलं आणि नंतर मी थोडंफार वाचलेलं, असं इथं मांडतो.

सुरुवात कलकत्त्याला झाली. १९०५ च्या सुमारास ब्रजेंद्रनाथ सील यांनी तिथल्या विद्यापीठासाठी प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम आखला. सील तत्त्वज्ञानाचे. अभ्यासक्रम झाला, पण शिकवणार कोण? भारतात त्या विषयाचा पदवीधरच नव्हता. शेवटी १९१६ मध्ये विभाग सुरू झाला तो नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांच्या हाताखाली. ते अमेरिकेत हार्वर्डला ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकून आले होते. त्यांच्या विभागातून पहिल्या काही वर्षांत जे एम.एस्सी. झाले, त्यांत गिरींद्रशेखर बोस होते. हा माणूस आधीच डॉक्टर, रोगी तपासणारा. तिशी गाठताना पुन्हा विद्यार्थी झाला, १९२१ साली विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे त्याच विभागाचा प्रमुख झाला. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, हे पुष्कळांनी वाचलं असेल.

आता हेच सील १९२० च्या दशकात म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. आणि १९२४ साली म्हैसूरला मानसशास्त्राचा विभाग निघाला! त्याचे प्रमुख एम. व्ही. गोपालस्वामी. ते लंडनला चार्ल्स स्पिअरमन यांच्याकडे शिकलेले. याच गोपालस्वामींनी १९३५ मध्ये स्वतःच्या घरातून छोटं खाजगी रेडिओ केंद्र चालू केलं आणि त्याला 'आकाशवाणी' हे नाव दिलं. पुढे तेच नाव देशाच्या रेडिओनं घेतलं. १९८६ ते ८९ मी म्हैसूरला बदलीवर होतो. आक्का आली तेव्हा वृंदावन गार्डन राहू दे म्हणाली, आधी महाराजा कॉलेज दाखव. त्या जुन्या इमारतीसमोर उभी राहून म्हणाली, "बघ, मानसशास्त्राचा माणूस घ्यायचा म्हणजे तारा जोडता येणारा घ्यावा लागतो."

तिच्या बोलण्यात मुद्दा होता. हा विषय पूर्वी तत्त्वज्ञानाच्या वर्गात पुस्तकातून शिकवला जायचा. प्रयोगशाळा आली तशी माणसाची कसोटी बदलली. पुण्याला विद्यापीठ झालं १९४९ मध्ये आणि १९५० साली तिथे विभाग निघाला, त्याचं नावच 'प्रायोगिक मानसशास्त्र'. वि. कृ. कोठुरकर त्याचे पहिले प्रमुख. आक्का १९६७ साली पुण्याहूनच एम.ए. झाली. स्मरणाच्या प्रयोगासाठी शब्द एकेक करून दाखवणारा मेमरी ड्रम, डोळ्यासमोर क्षणभर चित्र धरणारा टॅकिस्टोस्कोप, आरशात बघून चांदणी गिरवायची पाटी, ही तिची भांडीकुंडी. पुण्याहून आली की आम्हा भावंडांना आरशातली चांदणी काढायला बसवायची. माझी रेघ हमखास बाहेर जायची.

१९७० साली ती या विद्यापीठात गेली तेव्हा विभागात प्रमुख धरून चार माणसं. एम.ए.च्या प्रात्यक्षिकांना लहान लहान तुकड्या कराव्या लागतात, त्यामुळे तास वाढतात आणि माणसं कमी पडतात. नवी जागा हवी तर सरकारची मंजुरी लागते, ती काही येत नाही. मग तात्पुरता माणूस घ्यायचा. ही त्यावरची तोड. ड्रमचा पट्टा तुटला की आक्का सायकलच्या दुकानातून रबर आणून तो बसवायची.

जागेची जाहिरात मधूनमधून निघायची. रीत सगळ्यांना ठाऊक आहे. जाहिरात, अर्ज, छाननी, मग निवड समिती. अध्यक्ष कुलगुरू, सोबत विभागप्रमुख आणि बाहेरचे विषयतज्ज्ञ. समितीनं नाव सुचवायचं, सिंडिकेटनं मंजूर करायचं. आक्का या समितीपुढे चार वेळा गेली. शेवटची वेळ १९७९ ची. विषयावर दोन प्रश्न झाले. तिसरा असा, की लग्न झाल्यावर तुम्ही गाव सोडून जाणार नाही कशावरून? तेव्हा ती पस्तिशीची. जागा बाहेरून आलेल्या एका तरुणाला मिळाली. आक्का त्याच्याबद्दल कधी वाईट बोलली नाही. "शिकवतो चांगलं," म्हणायची. त्याला मेमरी ड्रम चालवायला तिनंच शिकवलं.

आता माझा भाग. तो सांगायचा म्हणूनच हे लिहायला बसलोय.

१९८० साली मी नुकता अधिकारी झालो होतो. विद्यापीठ अनुदान आयोगानं १९७३ पासून लेक्चररला ७०० ते १६०० ची श्रेणी ठरवली होती. पिल्ले समितीनं १९७९ पासून आम्हा नव्या बँक अधिकाऱ्यांना ७०० ते १८०० ची दिली. म्हणजे आक्का कायम असती तर आम्ही दोघं जवळजवळ एका पायरीवर. शहापूरच्या घराचं छप्पर गळत होतं, म्हणून तिनं दहा हजारांच्या कर्जासाठी अर्ज केला, आमच्याच शाखेत. अर्ज माझ्या टेबलावरून मॅनेजरकडे जायचा होता. मी शेरा लिहिला, 'नोकरी तात्पुरती, उन्हाळ्यात पगार नाही.' नियमाला धरूनच लिहिला. अर्ज परत आला. आक्काला सांगितलं, "आक्का, कायम नोकरीचा दाखला लागतो." ती हसली. म्हणाली, "तो असता तर तुझ्याकडे आले असते होय रे?" त्या पावसाळ्यात पातेली मांडून झोपलो सगळे.

१९८१ साली महाराष्ट्रातल्या दुसऱ्या एका विद्यापीठात तिची कायम नेमणूक झाली. पीएच.डी. झाली, रीडर झाली, प्रोफेसर झाली. २००४ मध्ये मानानं निवृत्त झाली. पण मधली एक गोष्ट राहिली.

नेट परीक्षा पहिल्यांदा १९८९ च्या डिसेंबरात झाली आणि १९९१ च्या नियमांनी लेक्चरर होण्यासाठी ती आवश्यक ठरली. १९९६ साली आक्काला एका विद्यापीठानं निवड समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून बोलावलं. उमेदवारांत त्याच विभागातली एक बाई होती, नऊ वर्षं तात्पुरती. एम.ए., पण नेट नाही. दुसरी मुलगी तरुण, नेट झालेली, हुशार. आक्कानं दोघींना विचारलं, ऐन परीक्षेत उपकरण बिघडलं तर काय कराल? तरुण मुलगी म्हणाली, कंपनीला कळवू. बाई म्हणाली, माझ्या पिशवीत पेचकस असतो. निवड तरुण मुलीची झाली. नियमात दुसरं काही बसतच नव्हतं.

परतताना आक्का बेळगावला माझ्याकडे उतरली. ताटावर बसली आणि तशीच उठली. म्हणाली, "नऊ वर्षं शिकवायला ती चालत होती. कायम करायची वेळ आली तेव्हा अपात्र झाली. आणि कागदावर सही माझी आहे."

मी म्हणालो, "नियमच तसा होता, तू काय करणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली. छपराचं नाव तिनं काढलं नाही. मलाच आठवलं.

मंडळी, नियम वाईट होता असं मी म्हणत नाही. नेट नसती तर ओळखीपाळखीनं काय काय झालं असतं, ते आपण पाहिलेलं आहे. विषयाची पदवीच नव्हती तेव्हा सील यांच्यासारख्यांनी माणसं शोधून आणली, हेही खरं. माझं म्हणणं एवढंच की मधल्या काळात विभाग ज्यांनी चालते ठेवले, त्यांची नोंद कुठे नाही. आक्का अकरा वर्षं जिथे होती त्या विभागात मी मागच्या महिन्यात जाऊन आलो. भिंतीवर प्रमुखांचे फोटो ओळीनं लावलेत. जुन्या शिक्षकांच्या यादीत आक्काचं नाव नाही, कारण यादी कायम माणसांची आहे. काचेच्या कपाटात तो मेमरी ड्रम मात्र आहे. त्यावर काळं रबर अजून तसंच दिसतं.

पासबुकं मी टाकलेली नाहीत. तुमच्या घरातही कुणी असं शिकवलं असेल, बेळगाव, धारवाड, हैदराबाद, बडोदा, कुठेही, तर खाली त्यांचं नाव, विषय आणि वर्षं लिहा. पहिलं नाव मीच लिहितो: आक्का, मानसशास्त्र, १९७० ते १९८१.