कातळावरचे पूर्वज : भीमबेटका ते उसगाळीमळ



स्मृतिव्याख्यानासाठी इतिहासाचा विषय निवडायचा म्हटले की आपल्यासमोर प्रथम राजे, तह आणि लढाया उभ्या राहतात. कदंब, शिवकाल, पोर्तुगीज अंमल, मुक्तिलढा हे आपले परिचित टप्पे आहेत. पण हा सारा इतिहास फार तर दोन-अडीच हजार वर्षांचा. त्याआधी हजारो वर्षे माणूस याच डोंगरांतून हिंडत होता, याच नद्यांचे पाणी पीत होता. त्याला लिपी नव्हती, परंतु सांगण्यासारखे पुष्कळ होते. आणि ते त्याने दगडावर सांगून ठेवले. आज त्या माणसाची ओळख करून घेण्याचा मानस आहे.

गुहाचित्रांचा विषय निघाला की स्पेनमधील अल्तामिरा आणि फ्रान्समधील लास्को ही नावे घेतली जातात. अल्तामिराची चित्रे १८७९ साली उजेडात आली. परंतु रानटी माणसाच्या हातून अशी कला निर्माण होणे शक्य नाही, असे म्हणून युरोपातील विद्वानांनी ती बनावट ठरवली. ती चूक त्यांनी १९०२ मध्ये कबूल केली. त्याच्याही आधी, १८६७-६८ च्या सुमारास, आपल्या देशात मिर्झापूरच्या टेकड्यांत आर्चिबाल्ड कार्लाइल याने शैलचित्रे पाहिली होती व ती प्राचीन असल्याचे ओळखले होते. त्याच्या नोंदी मात्र वेळेवर प्रसिद्ध झाल्या नाहीत, आणि हे श्रेय भारताच्या पदरात पडता पडता राहिले. लिहून ठेवणे आणि ते लोकांपुढे मांडणे यांचे मोल सांगणारे याहून बोलके उदाहरण शोधावे लागू नये.

भारतातील शैलचित्रांच्या अभ्यासाला खरी गती दिली ती एका मराठी माणसाने. नीमच येथे १९१९ मध्ये जन्मलेले आणि उज्जैन ही कर्मभूमी मानणारे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर १९५७ मध्ये भोपाळनजीक आगगाडीने जात असताना त्यांना दूरवर विलक्षण आकाराचे खडक दिसले. ते शोध घेत तेथे पोहोचले आणि भीमबेटका जगासमोर आली. सातशेहून अधिक शैलाश्रयांचा हा समूह २००३ साली जागतिक वारसा म्हणून मान्य झाला. १९७० च्या दशकात वाकणकर आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी तेथे उत्खनने केली. याच संस्थेत संशोधन करणारे चित्रकार डॉ. यशोधर मठपाल यांनी तेथील चित्रांच्या जलरंगात प्रतिकृती केल्या.

ही चित्रे काय सांगतात? गेरूचा तांबडा रंग आणि पांढरा रंग यांचा वापर अधिक. क्वचित हिरवा, पिवळा. एकाच भिंतीवर जुन्या चित्रावर नवे, त्यावर आणखी नवे असे थर चढलेले दिसतात. खालचे आधीचे, वरचे नंतरचे, या साध्या न्यायाने अभ्यासक त्यांचा क्रम लावतात. आधीच्या थरांत हरणे, गवे, रानडुकरे, धनुष्यबाण घेतलेले शिकारी, मध गोळा करणारे, फेर धरून नाचणारे लोक आहेत. अगदी वरच्या थरांत घोडेस्वार आणि तलवारी येतात. म्हणजे ही एका पिढीची कृती नव्हे. शेकडो पिढ्यांनी एकच भिंत आपली मानली. उत्खननात सापडलेली सूक्ष्मास्त्रे, म्हणजे लाकडात किंवा हाडात बसवून वापरायची बोटाच्या पेराएवढी दगडी पाती, पाहिली की हा माणूस अडाणी नव्हता हे पटते. कोणता दगड कसा फुटतो, कोणते कंद केव्हा खणावेत, कोणते जनावर कोणत्या वाटेने पाण्यावर येते, हे त्याला ठाऊक होते.

तो चित्रे का काढीत असे? चित्रात जनावर पकडले की रानातही ते सापडते अशी त्याची श्रद्धा होती, असे पूर्वी सांगितले जाई. या उपपत्तीला लास्कोनेच धक्का दिला. तेथे राहणाऱ्यांच्या अन्नाची जी हाडे मिळाली ती बहुतांशी रेनडिअरची. भिंतीवर मात्र घोडे आणि वनवृषभ, रेनडिअर जवळजवळ नाहीच. पोटाला जे लागे ते वेगळे आणि मनात जे घर करून होते ते वेगळे! फ्रान्समधील रूफिन्याक गुहेत मऊ भिंतीवर बोटांनी ओढलेल्या रेघा आहेत. बोटांच्या रुंदीवरून त्यांतील काही लहान मुलांच्या असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. मुलांना उचलून धरून कोणी त्यांचे हात भिंतीवर फिरवू दिले असतील, तर त्या अंधाऱ्या गुहेत शाळाच भरली होती असे म्हटले तरी चालेल. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर किमान ५१,२०० वर्षांपूर्वीचे, रानडुक्कर आणि माणसे दाखवणारे चित्र असल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. चित्र काढण्याची ऊर्मी कोणा एका खंडाची मिरास नव्हती, हे आता निर्विवाद आहे.

मग प्रश्न येतो तो आपल्या भूमीचा. भीमबेटकेचा खडक वालुकाश्म आहे. त्यात नैसर्गिक छत्रे तयार होतात आणि त्यांखाली रंग टिकतो. आपल्याकडे आहे जांभा, आणि वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर कोसळणारा पाऊस. येथे उघड्यावरचा रंग एक पावसाळाही तग धरणार नाही. येथील माणसाने रंगाऐवजी रेघ कोरली. भिंतीऐवजी त्याने जमीन निवडली.

सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे, ज्याला पणसायमळ असेही म्हणतात, जांभ्याच्या सपाट कातळावर शंभराहून अधिक आकृत्या आहेत. वशिंडाचे बैल, हरणे, मोर, मातृदेवता मानली जाणारी स्त्री-आकृती, आणि आत आत वळत जाणारे वर्तुळाकार चक्रव्यूह. १९९३ साली डॉ. प्रकाशचंद्र शिरोडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे स्थळ अभ्यासकांपुढे आणले. पण त्यांना वाट दाखवली ती तेथल्या ग्रामस्थांनी. सत्तरीत म्हाऊस येथे नदीपात्रातील खडकावर अशाच बैलांच्या आकृत्या आहेत.

आपल्या उत्तरेकडे पाहावे तर सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातील कुडोपी येथील आकृत्या सतीश लळीत यांनी २०१२ मध्ये प्रकाशात आणल्या. रत्नागिरी जिल्ह्यात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे अक्षरशः पायी धुंडाळून शेकडो कातळशिल्पांची नोंद केली. कशेळी येथे सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या देहात कितीतरी प्राणी सामावले आहेत. आज कोकणात नसलेला गेंडाही या शिल्पांत आढळतो. रत्नागिरीतील सात स्थळे, कुडोपी आणि गोव्यातील पणसायमळ यांचा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा-यादीत एकत्रित समावेश झाला. राज्याची सीमा आपण आखली. कातळाला ती ठाऊक नाही.

या शिल्पांच्या काळाविषयी उत्साहाच्या भरात ठाम आकडे सांगितले जातात. उघड्या कातळावरील रेघेचे वय थेट मोजणे अत्यंत कठीण असते. कोकणातील शिल्पे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची असावीत असे काही अभ्यासक मानतात, काही ती बरीच अलीकडची समजतात. कणकवली तालुक्यातील कोळोशीच्या गुहेत मिळालेल्या दगडी हत्यारांमुळे या प्रदेशातील प्राचीन वस्तीला आधार मिळाला आहे. परंतु हत्यार आणि शिल्प एकाच हातचे, हे त्याने सिद्ध होत नाही. पूर्वजांचा अभिमान बाळगावा, पण त्यासाठी त्यांचे वय फुगवण्याचे कारण नाही.

या बाबतीत आपल्याच मातीतल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांची पद्धत अनुकरणीय आहे. १९०७ साली गोव्यात जन्मलेला हा गणिती पुण्याच्या परिसरात पायी हिंडून सूक्ष्मास्त्रे वेचीत असे. गावाबाहेरच्या, तिठ्यावरच्या मातृदेवतांची ठाणी प्राचीन वाटांशी कशी निगडित आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. इतिहास केवळ दप्तरात नसतो. तो वहिवाटीत, ठाण्यात आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात असतो, हा त्यांचा धडा. सातेरीचे वारूळ पुजणाऱ्या पेडणे-डिचोलीकरांना तो वेगळा समजावून सांगायला नको. मात्र वारूळ आणि कातळावरची मातृदेवता यांच्यात अखंड परंपरेची दोरी ओवण्यापूर्वी पुरावा मागावा, हेही त्याच धड्यात येते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून येणारा जांभ्याचा सडा आपल्या गावापाशी थांबत नाही. इब्रामपूर त्याच पट्ट्यात वसले आहे. आणि हाच सडा आज सर्वांत वेगाने नाहीसा होत आहे. चिऱ्यांच्या खाणी, रस्ते, भूखंड यांसाठी कातळ कापला जातो. घर चिऱ्याचेच बांधायचे, त्यामुळे चिरेखाण नको असे म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी फारच थोड्यांना आहे. परंतु यंत्र लावण्यापूर्वी एकदा तो कातळ नीट पाहावा, एवढे म्हणण्याचा अधिकार सर्वांना आहे. कापलेला चिरा भिंतीत बसला की त्यावरची रेघ कोणत्याही पुरातत्त्वज्ञाला परत आणता येणार नाही.

हे पाहण्याचे काम शाळा करू शकते. पावसाळा सरल्यावर, गवत वाळल्यावर, सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात सड्यावरून फिरावे; माथ्यावरच्या उन्हात न दिसणारी खोल रेघ त्या वेळी सावलीने उठून दिसते. काही आढळल्यास त्यात खडू किंवा रंग भरू नये, लोखंडाने खरवडू नये. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, जागा लिहून ठेवावी आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. गुराख्यांना, धनगरांना, आजी-आजोबांना सड्यावरच्या जागांची नावे विचारावीत. काहीच सापडले नाही, तरी नावांची ती वही गावाचा पहिला दस्तऐवज ठरेल.

रेघ ओढणाऱ्या त्या माणसाचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही. पण आपल्यानंतर येणाऱ्यांनी पाहावे म्हणून त्याने काहीतरी मागे ठेवले. शिक्षकही याहून वेगळे काय करतो? ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांचेही अक्षर असेच कितीतरी मनांवर उमटलेले आहे. ते वाचत राहणे आणि कातळावरचे पुसू न देणे, ही दोन्ही कर्तव्ये आपण सर्वांनी मिळून पार पाडावीत, अशी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.