खुर्चीचा अधिकार आणि कायद्याची नजर

आज आपण एका जुन्या खटल्याविषयी बोलू. प्रसंग नोकरीतला, पण त्यातून उभा राहिलेला प्रश्न मोठा आहे. वरिष्ठाने अधिकाराचा गैरवापर केला, हे ठरवायचं कशावरून?

साल १९८८, ठिकाण दिल्ली. कपड्यांच्या निर्यातीसाठी काम करणारी ॲपेरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिल ही संस्था. अध्यक्षांच्या खासगी सचिवाने तिथल्या एका टंकलेखिकेला सांगितलं की, अध्यक्षांचं डिक्टेशन घ्यायला हॉटेलात चला. डिक्टेशन घेण्याचं शिक्षण तिला नव्हतं. तरी ती गेली. का गेली, हे नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तिथे ती नको म्हणत असतानाही तो लगट करत राहिला. तिने तक्रार केली, खात्यांतर्गत चौकशी झाली आणि १९८९ मध्ये त्याला बडतर्फ करण्यात आलं.

प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तिथे असं ठरलं की प्रयत्न झाला, पण प्रत्यक्ष विनयभंग झाला नाही. सबब त्याला पुन्हा कामावर घ्यावं. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हा निकाल फिरवला आणि बडतर्फी कायम केली. शब्दकोशातल्या अर्थाला धरून बसू नका, सगळी परिस्थिती पाहा, असा त्याचा आशय.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून हा फरक आम्हाला मोलाचा वाटतो. एका न्यायालयाने हात कुठवर पोचला ते पाहिलं. दुसऱ्याने तो हात कोणाचा, तेही पाहिलं. बरोबरीच्या माणसाला ‘नाही’ म्हणणं वेगळं आणि ज्याच्या शेऱ्यावर आपली भाकरी अवलंबून, त्याला म्हणणं वेगळं.

त्याआधी, १३ ऑगस्ट १९९७ रोजी, विशाखा खटल्याचा निकाल आला होता. तक्रार समितीची प्रमुख स्त्री असावी, निदान निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा, असं त्यात सांगितलं. बाहेरचा कशाला? तर वरून दबाव येऊ नये म्हणून. आतले सगळे त्याच साहेबाच्या हाताखालचे असतात, हे न्यायालयाने ओळखलं. पुढे २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अशी समिती बंधनकारक केली. शाळा-महाविद्यालयंही त्यात आली.

आता थोडं आमच्याविषयी. प्रबंधाच्या विद्यार्थ्यांना आम्ही सुटीच्या दिवशी घरी बोलावून आमच्या पुस्तकाची मुद्रितं तपासून घेत असू. ‘हो सर’ म्हणून ते यायचे. आनंदाने येतात, असं आम्हाला वाटे. त्यांच्या प्रबंधावर सही आमची लागायची, हे तेव्हा मनातही आलं नाही. हा काही गुन्हा नव्हे. पण ते ‘हो’ त्यांचं होतं की आमच्या खुर्चीचं, हे आज आम्हाला सांगता येत नाही.

कायदा तक्रार झाल्यावर येतो. त्याआधी हा प्रश्न खुर्चीत बसलेल्यानेच स्वतःला विचारायचा असतो. आम्ही तो फार उशिरा विचारला.