ब्रास बँडच्या ध्वनिमुद्रित आठवणी

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील ब्रास बँड ही गिरणी व खाणकामगारांनी जोपासलेली हौशी वादनपरंपरा होय. क्वीन्सबरीचा ब्लॅक डाइक बँड १८५५ मध्ये जॉन फॉस्टर यांच्या गिरणीच्या आश्रयाने उभा राहिला, तर ग्राइमथॉर्पच्या कोळसा खाणीतील बँड १९१७ मध्ये स्थापन झाला. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात १८५३ मध्ये सुरू झालेल्या स्पर्धेने या बँडांतील चुरस वाढविली. पक्षपात टाळण्यासाठी परीक्षक बहुधा पडद्याआड बसत. निष्णात वादक आपल्याकडे ओढण्यासाठी त्याला गिरणीत नोकरीही देऊ केली जाई.

निकालपत्रांत केवळ क्रमांक उरतात. कोण कोणाला सोडून गेला, तालमीत काय बिनसले, हे वृद्ध वादकांच्या ध्वनिमुद्रित संभाषणांतूनच उमगते. एकाच पराभवाची दोन गावांतील कथने भिन्न असतात; म्हणून ती निकालपत्रांशी पडताळून पाहावी लागतात.

ऑक्टोबर १९९२ मध्ये खाणी बंद करण्याची घोषणा झाल्यावर काही दिवसांतच ग्राइमथॉर्पने लंडनमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद पटकाविले. १९९३ मध्ये त्यांची खाण बंद झाली. बँड मात्र टिकला. खाणीत राबून वाजविणाऱ्यांची पिढी आता विरळ होत आहे. त्यांचे बोल वेळीच नोंदविले नाहीत, तर चषक उरतील, त्यांमागची माणसे नव्हे.