डिजिटल बाग : प्रकाशनसाधनांची निवड

स्वतःची टिपणे दुव्यांनी एकमेकांना जोडून, ती अपुरी असतानाच सर्वांना वाचायला खुली करणारे संकेतस्थळ म्हणजे डिजिटल बाग. ब्लॉगवर लेख तारखेच्या क्रमाने लागतात आणि प्रसिद्ध झालेल्या लेखाला सहसा पुन्हा हात लावला जात नाही. बागेत एकच टिपण वर्षानुवर्षे दुरुस्त होत राहते आणि वाचक विषयाच्या धाग्याने एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो. म्हणून साधन निवडताना दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात : टिपण बदलणे किती सोपे आहे आणि दुवे किती काळ टिकतील.

पूर्वपीठिका : वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये ‘विकीविकीवेब’ सुरू केले आणि लिहितालिहिताच पाने जोडत जाण्याची पद्धत रुळली. मार्क बर्नस्टाइन यांनी १९९८ मध्ये ‘हायपरटेक्स्ट गार्डन्स’ या निबंधात बागेची कल्पना मांडली. माइक कॉलफील्ड यांनी २०१५ मधील एका भाषणात समाजमाध्यमांचा सतत पुढे सरकणारा प्रवाह आणि जपून वाढवलेली बाग यांतील फरक स्पष्ट केला. २०२० च्या सुमारास रोम रिसर्च, ऑब्सिडियन, लॉगसेक अशी दुव्यांवर आधारलेली टिपण-ॲप्स लोकप्रिय झाली, तेव्हा ही कल्पना तंत्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर पोहोचली.

साधनांचे प्रकार : (१) ऑनलाइन सेवा. नोशनसारख्या सेवेत पान लिहायचे आणि प्रकाशनाचे बटण दाबायचे, एवढेच काम असते. मात्र मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर राहतो. तो उतरवून घेता येतो, पण तक्ते आणि अंतर्गत दुवे दुसरीकडे जसेच्या तसे चालतील याची खात्री नसते.

(२) टिपण-ॲपची स्वतःची प्रकाशनसेवा. ऑब्सिडियनमधील टिपणे वापरणाऱ्याच्या संगणकावर साध्या फाइलींच्या रूपात असतात. ‘ऑब्सिडियन पब्लिश’ ही सशुल्क सेवा त्यांतली निवडक टिपणे संकेतस्थळावर चढवते. शुल्क भरणे थांबवले तर संकेतस्थळ बंद होते, फाइली मात्र हातात राहतात.

(३) स्टॅटिक साइट जनरेटर. जेकिल, ह्यूगो, इलेव्हन्टी, क्वार्ट्झ ही या प्रकारातली साधने मुक्त स्रोत आहेत. ती फोल्डरमधील फाइलींपासून तयार पाने बनवतात. डेटाबेस लागत नाही. ही पाने गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर मोफत ठेवता येतात. गिटहब पेजेसवर प्रकाशित संकेतस्थळाची मर्यादा १ जीबी आहे. मजकुराच्या टिपणांना ती सहज पुरते, छायाचित्रांच्या संग्रहाला अपुरी पडू शकते. क्वार्ट्झ बागेसाठीच बनलेले असल्याने, एखाद्या पानाकडे कोणती पाने निर्देश करतात हे दाखवणारे उलटे दुवे आणि टिपणांचा आलेख त्यात तयार मिळतो. ह्यूगो किंवा जेकिलमध्ये त्यासाठी वेगळी जुळवाजुळव करावी लागते. या साऱ्या साधनांसाठी गिट (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारे साधन) आणि कमांड लाइनची तोंडओळख हवी.

(४) एका फाइलीचे विकी. जेरेमी रस्टन यांच्या टिडलीविकीत (२००४) सगळी टिपणे आणि संपादनाची सोय एकाच एचटीएमएल फाइलीत असते. ती कुठेही ठेवता येते. पण चित्रे आत भरली की फाइल जड होते आणि वाचकाला एका टिपणासाठी सगळीच उतरवून घ्यावी लागते.

निवडीचे निकष : पहिला निकष फाइलीच्या स्वरूपाचा. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेले मार्कडाउन हे साध्या मजकुराचे स्वरूप असल्याने ते कोणत्याही संपादकात उघडते. टिपण-ॲप्समध्ये पाने जोडायला वापरला जाणारा दुहेरी चौकटी कंसांतील दुवा मात्र मूळ मार्कडाउनचा भाग नाही. तो न ओळखणाऱ्या साधनात नुसते कंस दिसतात. दुसरा निकष पत्त्याचा. बहुतेक साधनांत फाइलीचे नाव हाच पानाचा पत्ता होतो, त्यामुळे नाव बदलताच इतरांनी दिलेले दुवे तुटतात. जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळवण्याची सोय ह्यूगो आणि क्वार्ट्झमध्ये आहे. तिसरा निकष खासगीपणाचा. गिटहबच्या मोफत खात्यात पेजेस वापरायचे तर मूळ फाइलींचे भांडार सर्वांना खुले ठेवावे लागते. संकेतस्थळावर न आलेला कच्चा खर्डाही तिथे कोणालाही दिसतो आणि पुसलेला मजकूर गिटच्या जुन्या नोंदींत सापडतो. खासगी टिपणांचे फोल्डर म्हणूनच पूर्णपणे वेगळे असावे.

मराठी टिपणांसाठी : फाइलीला ‘बाग’ असे नाव दिले तर ब, काना आणि ग ही ३ चिन्हे पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवल्यावर अनेकदा टक्केचिन्हांसह २७ अक्षरांची होतात. फाइलीचे नाव रोमन लिपीत आणि शीर्षक मराठीत ठेवल्यास हा प्रश्न उरत नाही. ‘ॲप’ हा शब्द एका कीबोर्डवरून एकाच ॲ-चिन्हाने उमटतो, तर दुसऱ्यावरून अ आणि चंद्र असा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणक ते वेगळे धरतो आणि दुवा किंवा शोध फसतो. ‘दऱ्या’मधील र बाबतही हेच घडते. टंकलेखनाची एकच पद्धत पाळणे हा त्यावरचा उपाय आहे. संकेतस्थळाच्या तयार सजावटींपैकी (थीम) अनेकींत फक्त रोमन टंकांचा विचार केलेला असतो. शीर्षकात अक्षरांमधील अंतर वाढवलेले असेल तर शिरोरेषा तुटते आणि ओळी फार जवळ असतील तर मात्रा व उकार एकमेकांना भिडतात. ही अंतरे बदलू देणारे आणि मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ किंवा नोटो मालिकेतला देवनागरी टंक बसवू देणारे साधन निवडावे.

निष्कर्ष : संगणकाची फारशी सवय नसलेल्याने ऑब्सिडियन आणि त्याची प्रकाशनसेवा घ्यावी, गिट येत असेल तर क्वार्ट्झ कमी खर्चाचे आणि अधिक मोकळीक देणारे ठरते. निवड पक्की करण्यापूर्वी थोडी टिपणे चढवावीत, ती मोबाइलवर वाचून पाहावीत आणि सगळी परत उतरवून दुसऱ्या साधनात उघडावीत. या शेवटच्या परीक्षेत नापास होणारे साधन कितीही देखणे असले तरी टाळावे.