फाइल उघडली, लिपी उघडेना

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्या सुमारास संगणकावरील मराठीची अवस्था काय होती? फाइल फ्लॉपीतून वा इंटरनेटवरून हाती येई. पण लिहिणाऱ्याचा फॉन्ट आपल्यापाशी नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक गलबला दिसे. कारण रोमन अक्षरांच्याच सांकेतिक जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत, आणि बहुधा प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. म्हणून मोफत फॉन्टांची देवाणघेवाण ही वाचनाचीच पूर्वअट ठरे.

वस्तुतः १९९१ साली ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची समान संकेतप्रणाली राष्ट्रीय मानक ठरली होती. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. परंतु मानक ठरणे आणि ते घरोघरी रुजणे, यांत बरीच वर्षे गेली. झाडीबोलीसारख्या, मुद्रित साहित्य थोडे असलेल्या बोलीला असा विलंब अधिक महाग पडतो. मोडी वाचणारे विरळ झाले आणि दप्तरे मुकी झाली. तसेच संकेत हरवला की फाइल शाबूत राहूनही संहिता हरवते. म्हणून जुन्या फाइलींसोबत त्यांचे फॉन्टही जपणे, हे आम्ही पाठचिकित्सेचेच काम मानतो.