घामाचा हिशेब कोण मांडतं?

अर्धा तास पळून थांबलं की घड्याळ थरथरतं आणि आकडा दाखवतं: ३५२ किलोकॅलरी. ‘साडेतीनशेच्या आसपास’ नाही, ‘अंदाजे’ नाही, बरोब्बर ३५२. मग आपला मनातल्या मनात सौदा सुरू होतो. एका वडापावात अडीचशे-तीनशे असतील. म्हणजे एक खाल्ला तरी थोड्या शिल्लकच!

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. स्क्रीनवर आकडा दिसला की तो आला कुठून, हे विचारायची खोड या धंद्यात लागतेच. तर या घड्याळाला नक्की काय माहीत असतं? मनगटाची हालचाल, त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून टिपलेले हृदयाचे ठोके, जीपीएस असेल तर अंतर. शिवाय सेटअप करताना आपण भरलेलं वय, वजन, उंची, लिंग. संपलं. शरीरातून किती उष्णता बाहेर पडली हे घड्याळ मोजत नाही. किती ऑक्सिजन वापरला गेला, हेही मोजत नाही. आणि शरीरात किती ऊर्जा जळली हे खरोखर मोजायचं असेल, तर उष्णता किंवा श्वासातले वायू, यांपैकी एकाला हात घालावाच लागतो. मनगटावरचा आकडा या दोन्हींना वळसा घालून येतो. तो कुठून कुठून आला, याची गोष्ट सव्वादोनशेहून अधिक वर्षांची आहे.

बर्फातला गिनीपिग

१७८२-८३चा हिवाळा, पॅरिस. आंत्वान लाव्हाझिए आणि पिएर-सिमॉन लाप्लास यांनी एक विशेष भांडं बनवून घेतलं. आतल्या कप्प्यात एक गिनीपिग, त्याच्याभोवती बर्फ आणि त्या बर्फाभोवती बर्फाचाच आणखी एक थर, म्हणजे खोलीतली उष्णता आत पोचायला नको. आतला बर्फ वितळवायला मग एकच चूल उरली, ती म्हणजे गिनीपिगचं शरीर. वितळलेलं पाणी खालून गोळा करायचं आणि वजन करायचं. प्राण्याने सोडलेला वायूही त्यांनी मोजला आणि तेवढाच वायू कोळसा जाळून तयार करताना किती उष्णता निघते, याच्याशी ताडून पाहिला. दोन्ही आकडे जवळजवळ आले. श्वास घेणं म्हणजे संथपणे जळणं, हा निष्कर्ष तिथून निघाला.

पुढे लाव्हाझिएने आरमां सेग्वां या सहकाऱ्याच्या तोंडाला मुखवटा लावला, त्याला पायाने वजन उचलायला लावलं आणि काम करताना तो किती ऑक्सिजन जास्त घेतो ते मोजलं. या प्रयोगांची चित्रं लाव्हाझिएची पत्नी मारी-आन हिने काढली आहेत. त्यात एका बाजूला टेबलाशी बसून नोंदी करणारी बाई ती स्वतःच आहे. व्यायामात जळणाऱ्या ऊर्जेचा हा पहिला गंभीर हिशेब.

हे काम १७८९च्या सुमाराचं, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षातलं. लाव्हाझिएला त्या आकड्यांत एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली आणि त्याने ती लिहूनही ठेवली. अंगमेहनत करणारा गरीब माणूस जास्त जाळतो, म्हणजे त्याला जास्त अन्न लागतं. आणि नेमकं त्याच्याच ताटात कमी असतं. बसून राहणाऱ्या श्रीमंताचं उलट. लाव्हाझिए स्वतः राजासाठी कर गोळा करणाऱ्यांपैकी होता आणि त्यासाठीच १७९४मध्ये त्याचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. पण हा प्रश्न मागे उरला: कष्टात किती जळतं, हे ठरवायचं कोणी?

एक पौंड धान्य

नव्वदेक वर्षांनी तोच प्रश्न दख्खनमध्ये आला, आणि तिथे त्याचं उत्तर कुठल्याही उपकरणाशिवाय दिलं गेलं.

१८७६चा पाऊस गेला. सोलापूर, विजापूर, नगर, सातारा, पुणे आणि खाली मद्रास इलाखा, सगळीकडे दुष्काळ. सरकारने दुष्काळी कामं काढली. तलाव खणा, रस्ते बांधा, खडी फोडा आणि मजुरी घ्या. व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपलला पाहणीला पाठवलं. आधीच्या बिहारच्या दुष्काळात जास्त खर्च केला म्हणून टेंपलवर टीका झाली होती. या वेळी त्याने ठरवलं की काम करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्याएवढी मजुरी आणि वर किरकोळ पैसे पुरेत. बायका-मुलांना त्याहून कमी.

आज आपल्याकडे कोष्टकं आहेत, तर हिशेब करून पाहू. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. एवढ्या ज्वारीत ढोबळमानाने १,५०० ते १,६०० किलोकॅलरी. पन्नास किलोच्या माणसाला नुसतं पडून राहायला, म्हणजे श्वास, हृदय, मेंदू, शरीराची ऊब यासाठीच १,२०० ते १,३०० लागतात. राहिल्या तीनेकशे. तेवढ्यात दिवसभर खडी फोडायची. आपल्या घड्याळाने अर्ध्या तासाच्या पळण्याला दिलेला आकडाही याच्या आसपासचाच आहे.

मद्रासचा सॅनिटरी कमिशनर विल्यम कॉर्निश याने त्या वेळच्या शरीरशास्त्राच्या आधारे टेंपलला जाहीर विरोध केला आणि काही महिन्यांनी मद्रासला प्रमाण वाढवावं लागलं. मुंबई इलाख्यात मजुरी घटली तेव्हा हजारो मजुरांनी सरकारी काम सोडलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, ज्यात गणेश वासुदेव जोशी म्हणजे ‘सार्वजनिक काका’ पुढे होते, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला पत्रांमागून पत्रं लिहिली. कोणाचं शरीर किती जाळतं याचा चुकीचा अंदाज किती महाग पडू शकतो, हे इथे दिसतं. या दुष्काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसं गेली असं मानलं जातं. सगळी काही या एका आकड्यामुळे नाही, पण तो आकडा त्यात होता.

तांब्याची खोली

अचूक मोजमाप त्यानंतर वीसेक वर्षांनी आलं. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या मिडलटाउनला वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर हा रसायनशास्त्रज्ञ आणि एडवर्ड रोझा हा भौतिकशास्त्रज्ञ यांनी १८९०च्या दशकात माणूस राहू शकेल अशी खोली बांधली. साधारण सात फूट लांब, चार फूट रुंद, आतून तांब्याचा पत्रा. आत घडीची खाट, खुर्ची, टेबल. जेवण एका छोट्या झडपेतून आत जायचं. नळ्यांतून गार पाणी फिरायचं आणि ते किती तापून बाहेर आलं यावरून माणसाने किती उष्णता सोडली ते कळायचं. आत येणारी-जाणारी हवाही तपासली जायची. माणूस तिथे दिवसच्या दिवस राहायचा आणि काही प्रयोगांत जागेवरच उभी असलेली सायकल चालवायचा.

माझ्यातल्या इंजिनिअरला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांची टेस्टिंगची पद्धत. माणसाला आत पाठवण्याआधी ते खोलीत मोजून अल्कोहोल जाळायचे. त्यातून किती उष्णता निघणार हे आधीच ठाऊक असायचं. यंत्राने तेवढीच दाखवली तरच पुढचं काम! अशा खोलीत खाल्लेली ऊर्जा आणि बाहेर पडलेली ऊर्जा यांच्यातला फरक एकंदरीत एका टक्क्याच्याही आत आला. बिस्किटाच्या पुड्यावरच्या कॅलरी आजही ज्या हिशेबाने येतात, म्हणजे पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅमला चार, स्निग्ध पदार्थ नऊ, तो हिशेबही अ‍ॅटवॉटरच्याच कामातून आला.

म्हणजे १९००च्या सुमारालाच एका माणसाने किती जाळलं हे माणसाला जवळपास अचूक सांगता येत होतं. अट एवढीच की त्याने तांब्याच्या खोलीत बसायला हवं.

खोलीतून बाहेर

पुढचा सगळा इतिहास ही अट सैल करत जाण्याचा आहे, आणि प्रत्येक वेळी थोडी अचूकता हातातून निसटली. १९११मध्ये क्लॉड डग्लस याने पाठीवर बांधायची मोठी पिशवी आणली. श्वास त्यात साठवायचा आणि नंतर तपासायचा. एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण पाच किलोकॅलरी. इथवर मोजमापच होतं.

१९१९मध्ये जे. आर्थर हॅरिस आणि फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी बॉस्टनच्या प्रयोगशाळेतून १३६ पुरुष आणि १०३ स्त्रियांच्या मोजमापांवरून सूत्र दिलं. वय, वजन, उंची घाला आणि विश्रांतीत किती जळतं ते काढा. आता मोजायची गरजच उरली नाही. फिटनेस ॲपमध्ये माहिती भरताना आपण अशाच एखाद्या सूत्राची किंवा त्याच्या वारसाची रिकामी घरं भरत असतो. अशी सूत्रं कोणाच्या शरीरावरून बनतात, हेही पाहण्यासारखं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८५च्या अहवालातल्या सूत्रांमागे सुमारे सात हजार मोजमापं होती आणि त्यातली जवळपास निम्मी इटालियन माणसांची. उष्ण कटिबंधात राहणारी माणसं जेमतेम काहीशे. ही सूत्रं भारतीयांसाठी थोडा जास्त आकडा देतात, असं नंतर बंगळुरूच्या अभ्यासकांना आढळलं. शरीरात स्नायू किती आणि चरबी किती यावरही हा फरक ठरतो, आणि ते वजनकाट्याच्या एका आकड्यात दिसत नाही.

मग आलं ‘मेट’. शांत बसल्यावर जेवढी ऊर्जा लागते ती एक मेट. चालणं साडेतीनच्या आसपास, ताशी दहा किलोमीटरने पळणं दहाच्या आसपास. १९९३मध्ये बार्बरा एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी शेकडो हालचालींची अशी यादी छापली. गणित सोपं आहे: मेट गुणिले वजन गुणिले तास. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास पळाला तर १० × ७० × ०.५ म्हणजे ३५०. आपल्या ३५२च्या अगदी शेजारी! कोडमध्ये ही एक ओळ आहे.

पण ही यादी मोठ्या लोकसंख्येच्या पाहण्या एका मापात आणण्यासाठी होती. एका माणसाचा नेमका हिशेब देण्यासाठी ती नाही, असं ती बनवणाऱ्यांनीच सांगितलं होतं. ‘एक मेट’साठी धरलेला ऑक्सिजनचा आकडा, किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर, हा सत्तर किलोच्या, चाळीस वर्षांच्या एकाच पुरुषावरून आलेला. २००५मध्ये एका अभ्यासात ७६९ माणसांवर तो ताडून पाहिला, तेव्हा सरासरी २.६ आली. शिवाय त्या ३५०मध्ये तो अर्धा तास नुसतं बसूनही जळल्या असत्या अशा पस्तीसेक किलोकॅलरी मोजलेल्याच असतात.

आपला अंदाज, घड्याळाचा अंदाज

यंत्र बाजूला ठेवून माणसांनाच विचारलं तर? २०१०मध्ये ओटावा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी एका लहानशा प्रयोगात सर्वसाधारण वजनाच्या स्त्री-पुरुषांना २०० आणि ३०० किलोकॅलरी जळेपर्यंत ट्रेडमिलवर ठेवलं आणि मग विचारलं, किती जळल्या असतील? उत्तरं प्रत्यक्षाच्या तिप्पट-चौपट. मग जेवढ्या जळल्या तेवढंच खायला सांगितलं. लोकांनी दुप्पट-तिप्पट खाल्लं.

त्याआधी १९९२मध्ये न्यूयॉर्कमधला एक अभ्यास गाजला होता. ‘कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही’ असं म्हणणाऱ्या दहा जणांचं खाणं आणि हालचाल काटेकोर तपासली. त्यांचा चयापचय व्यवस्थित होता. खाणं ते सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. यावर ‘लोक खोटं बोलतात’ असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. दमल्यावर आपल्याला जाणवतो तो त्रास, आणि त्रासाला एकक नसतं. जिना चढून धाप लागली की खूप काही झालंय असंच वाटतं.

घड्याळ यापेक्षा बरं, पण किती? २०१७मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने साठ जणांवर मनगटावरची सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके सातांपैकी सहांनी पाच टक्क्यांच्या आत बरोबर दिले. ऊर्जेच्या बाबतीत सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. कारण ठोके मोजलेले असतात, कॅलरी काढलेल्या असतात. ठोके तर मेमधल्या उन्हाने, चहाने, मॅनेजरच्या फोननेही वाढतात. ट्रेडमिलचा दांडा धरून चाललात तर शरीराचं काम कमी होतं, यंत्राला पत्ता नसतो.

मग स्क्रीनवर ‘२५० ते ४५०’ असं का दिसत नाही? अशा डिझाइनच्या चर्चांमध्ये मी बसले आहे, दुसऱ्या प्रॉडक्टसाठी का होईना. रेंज दाखवली की वापरणारा गोंधळतो, एकच आकडा दाखवला की विश्वास बसतो, असं तिथे कोणीतरी म्हणतंच. युक्तिवाद चुकीचा नाही. पण त्या एका निर्णयात अ‍ॅटवॉटरची अल्कोहोल जाळून घेतलेली खबरदारी गळून पडते आणि तिचा रुबाब तेवढा शिल्लक राहतो.

आकडा निरुपयोगी नाही. तेच घड्याळ, तोच रस्ता, तुम्हीही तेच, तर मागच्या महिन्याशी तुलना करता येते, कारण चूक साधारण एकाच दिशेने होत राहते. मित्राच्या घड्याळाशी तुलना करू नये. आणि त्या आकड्यावर वडापावचा सौदा तर अजिबात करू नये. खावासा वाटला तर भूक लागली म्हणून खावा.

१८७७मध्ये एक पौंडाचा आकडा ज्यांच्यासाठी ठरला, त्यांना तो कसा काढला हे विचारायची सोय नव्हती. तरी त्यांनी काम सोडून उत्तर दिलं आणि सार्वजनिक सभेने लिहून विचारलं. आपल्याला तर उपाशी राहायचं नाहीये. पण अशाच आकड्यांवरून उद्या कोणी विम्याचा हप्ता ठरवू म्हणेल, ऑफिसमध्ये कोणाला बक्षीस देऊ म्हणेल. तेव्हा विचारायचे प्रश्न तेच आहेत: हे मोजलंय की काढलंय? कोणाच्या शरीरावरून? आणि किती चुकू शकतं?