तळटीप १७ : झरपटीचे पाणी

१७. गडचांदूरची नायिका जखमी नायकासाठी जे पाणी मागवते, ते चंद्रपूरच्या झरपट नदीचे. परंपरा सांगते, की गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा अंगावरच्या गाठींनी त्रासलेला होता आणि राणीच्या सल्ल्याने त्याने राजधानी सिरपूरहून बल्लारपूरला हलवली. शिकारीत तहानलेला असता झरपटीच्या पात्रातल्या खड्ड्यातले पाणी तो प्यायला, त्याने हातपाय धुतले आणि रात्री त्याला गाढ झोप लागली. गाठी ओसरल्याचे सकाळी प्रथम राणीच्याच ध्यानात आले. आयरिश पुराणातला हात तुटलेला राजा नुआदा आणि जखमा भरून काढणारी विहीर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा प्रसंग तिकडून उचललेला वाटेल. साम्य आहेच, पण चांद्याच्या राजांची हकीकत मेजर ल्युसी स्मिथ यांच्या १८६९च्या जमाबंदी अहवालात आली, तर नुआदाच्या त्या कथेचे स्टोक्सकृत इंग्रजी भाषांतर १८९१चे. शिवाय व्यंगामुळे नुआदाचे राज्य जाते, खांडक्याचे जात नाही. इथे जोर राजाच्या पात्रतेवर नसून राणीच्या काळजीवर आहे, आणि लेखकाने प्रेमकथेसाठी नेमके तेच घेतले आहे. त्या जागेवरचे अंचलेश्वराचे मंदिर झरपटीकाठी आजही उभे आहे.